आतड्यातली जागा कोणाची?

देवळाली कॅम्पची हवा चांगली, ही ख्याती मुंबईकरांच्या कित्येक पिढ्यांनी जपली आहे. इगतपुरी मागे टाकून गाडी निघाली की नाशिक रोडच्या आधी देवळालीचं स्टेशन लागतं. लॅम रोडला आणि रेस्ट कॅम्प रोडला जुने बंगले, पारशी आणि गुजराती समाजांची सॅनेटोरियम, जुनी मोठी झाडं. दुखण्यातून उठलेल्या माणसाला चार महिने इथे आणून ठेवायची रीत होती. पण हा कॅम्प वसला तो सैनिकांसाठी, आणि भारतातल्या छावण्यांच्या आरोग्याची पहिली मोठी लढाई पोटाच्या रोगांशी झाली. १८६३ साली रॉयल कमिशनने अहवाल दिला, तेव्हा भारतातल्या गोऱ्या फौजेत दर हजारी वर्षाला ६९ माणसं दगावत होती. लढाईपेक्षा ताप, हगवण आणि कॉलरा यांचे बळी कितीतरी जास्त होते. पुढच्याच वर्षी छावण्यांचा कायदा आला आणि हद्दीच्या आत स्वच्छतेचे नियम करण्याचे अधिकार मिळाले. १८९८ मध्ये आल्मरॉथ राइट या डॉक्टरने भारतातल्या सुमारे चार हजार सैनिकांना विषमज्वराची नवी लस टोचून पाहिली.

हद्दीच्या आत स्वच्छता आणि हद्दीच्या बाहेर जे असेल ते, ही रेघ पुढे महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांनी आपलीशी केली. तिच्या पलीकडे जी वस्ती राहिली, त्या वस्तीत डुकरं राहिली. डुकराचं पोट बिघडलं तर त्याची चौकशी करायला अलीकडचं कोणी गेलं नाही. ही चौकशी आता टाळण्यासारखी राहिलेली नाही, आणि ती का करायला हवी याचं कारण थेट माणसाच्या दवाखान्यापर्यंत येतं.

माणसाचं आणि डुकराचं पोट एकाच इतिहासात बांधलेलं आहे. १८८५ साली अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि त्यांचे वरिष्ठ डॅनियल साल्मन यांनी आजारी डुकरांमधून एक जीवाणू वेगळा केला. डुकरांच्या ‘हॉग कॉलरा’चं हेच कारण, असं त्यांना वाटलं. तो रोग विषाणूचा असल्याचं वीसेक वर्षांनी सिद्ध झालं, पण जीवाणूला साल्मनचं नाव चिकटलं ते कायमचं: साल्मोनेला. सैनिकांना मारणारा विषमज्वराचा जंतू याच कुळातला, आजच्या वर्गीकरणात तर दोघांची प्रजातीसुद्धा एकच. त्याच १८८५ मध्ये म्युनिकला थिओडोर एशेरिश या बालरोगतज्ज्ञाने तान्ह्या मुलांच्या विष्ठेतला एक जीवाणू वर्णन करून ठेवला. तो म्हणजे ई. कोलाय. डुकराच्या पिल्लांना आज जगभर सर्वांत जास्त छळणारे आतड्याचे जीवाणू याच दोन घराण्यांतले आहेत.

पिल्लू आजारी कधी पडतं? बहुतेकदा दूध तोडल्यावर. डुकरिणीच्या वारेतून रोगप्रतिकारक द्रव्यं पिल्लाकडे जात नाहीत, त्यामुळे पिल्लू जन्मतः उघडं असतं. पहिल्या चोवीस तासांत त्याला पोटभर चीक मिळाला तर आईची प्रतिकारशक्ती त्याच्या रक्तात उतरते, आणि पुढे रोजच्या दुधातून येणारी प्रतिपिंडं आतड्याला आतून राखण देतात. निसर्गात पिल्लाचं दूध हळूहळू सुटतं, त्याला दहा ते सतरा आठवडे लागतात. शेडमध्ये तेच काम तीन-चार आठवड्यांवर एका दिवसात उरकलं जातं. आई गेली, दूध गेलं, भावंडांची जागा अनोळखी पिल्लांनी घेतली, आणि समोर कोरडं खाद्य आलं. दुधातल्या साखरेवर जगणारे, आम्ल तयार करून आतडं राखणारे लॅक्टोबॅसिलस कमी होतात. जठरात पुरेसं आम्ल अजून तयार होत नसतं. आतड्याच्या आतली बारीक लव आखूड होते. ई. कोलायच्या काही जातींच्या अंगावर आकड्यासारखे तंतू असतात. ते या आतड्याला अडकतात, विष सोडतात आणि पिल्लाच्या अंगातलं पाणी आतड्यात ओतलं जातं. पांढरट-पिवळी हगवण लागते, शेपटीखालचं अंग भिजतं, डोळे आत जातात, आणि सकाळी ठीक दिसलेलं पिल्लू दुसऱ्या दिवशी उठत नाही.

यातली एक गोष्ट फार बोलकी आहे. काही पिल्लांच्या आतड्याला ते आकडे अडकतील अशी जागाच आनुवंशिकतेने नसते. ती पिल्लं त्याच गोठ्यात, त्याच घाणीत राहूनही त्या जातीच्या ई. कोलायने आजारी पडत नाहीत. जंतू पोटात गेला एवढ्याने रोग होत नाही. त्याला बसायला जागा मिळावी लागते.

विसाव्या शतकाने या जागेच्या प्रश्नावर प्रतिजैविकांचं उत्तर शोधलं. १९५०च्या सुमारास अमेरिकेतल्या लेडर्ली प्रयोगशाळेत थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टाड यांना दिसलं, की ऑरिओमायसिन तयार करताना उरलेला चोथा खाद्यात मिसळला तर कोंबड्या आणि डुकरं झपाट्याने वाढतात. आजार नसतानाही रोज थोडं प्रतिजैविक द्यायचं, ही प्रथा तिथून जगभर गेली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अंदाजानुसार एक किलो डुक्कर वाढवण्यामागे सरासरी १७२ मिलिग्रॅम प्रतिजैविकं वापरली जात होती. कोंबडीसाठी हा आकडा १४८ आणि गुरांसाठी ४५ होता. थोड्या मात्रेत रोज मिळणारं औषध सगळे जंतू मारत नाही, ते सोसू शकणारे जंतू निवडून मागे ठेवतं. ब्रिटनमध्ये स्वान समितीने हा इशारा १९६९ मध्येच दिला होता.

इशाऱ्याचा अर्थ नोव्हेंबर २०१५ मध्ये सगळ्यांना कळला. चीनमधल्या संशोधकांनी डुकरांतल्या ई. कोलायमध्ये एमसीआर-१ नावाचं जनुक सापडल्याचं जाहीर केलं. कॉलिस्टिन या प्रतिजैविकाला हे जनुक निकामी करतं, आणि एका जीवाणूतून दुसऱ्यात सहज उडी मारतं. कत्तलीच्या जनावरांच्या २१ टक्के नमुन्यांत ते होतं, रुग्णालयातल्या माणसांच्या नमुन्यांत एक टक्का. कॉलिस्टिन म्हणजे अतिदक्षता विभागात बाकी औषधं हरल्यावर डॉक्टर ज्याच्याकडे वळतात ते औषध. ते डुकरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात मिसळलं जात होतं. चीनने २०१७ पासून वाढीसाठीचा हा वापर थांबवला. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये खाद्योपयोगी जनावरांसाठी कॉलिस्टिनचं उत्पादन, विक्री आणि वितरण यांवर बंदी घातली. औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे २०१९ या एकाच वर्षात जगात १२ लाख ७० हजार मृत्यू झाल्याचा अंदाज ‘लॅन्सेट’मध्ये आला आहे. ज्या घराने असा मृत्यू पाहिला आहे, त्याला डुकराच्या खाद्याचा प्रश्न परका वाटण्याचं कारण नाही.

बंदी योग्यच आहे. पण बंदीने जागा रिकामी होते, भरत नाही.

डेन्मार्कचा अनुभव इथे शिकण्यासारखा आहे. तिथल्या डुक्कर उत्पादकांनी १९९८ ते २००० या काळात वाढीसाठीची प्रतिजैविकं आधी मोठ्या जनावरांत आणि मग दूध तोडलेल्या पिल्लांत बंद केली. मोठ्या डुकरांना काही झालं नाही. पिल्लांना मात्र हगवण वाढली आणि उपचारासाठी औषधं जास्त लागू लागली. तरीही एकूण हिशेब फायद्याचा ठरला. १९९४ मध्ये जनावरांसाठी वापरलेली प्रतिजैविकं सुमारे २०६ टन होती, २००१ मध्ये ती ९४ टनांवर आली. मग पिल्लांच्या हगवणीवर खाद्यात झिंक ऑक्साइडची मोठी मात्रा देण्याचा मार्ग रूढ झाला. तो जस्ताचा साठा शेणखतातून मातीत उतरू लागला, प्रतिकारक जंतूंना त्यातूनही बळ मिळतं असं दिसलं, आणि जून २०२२ पासून युरोपीय संघाने तो उपचारही बंद केला. एकेक आधार काढून घेतल्यावर युरोपच्या पशुपालकाला शेवटी मूळ प्रश्नाकडे यावं लागलं: पिल्लाच्या आतड्यातली जागा हानिकारक जंतूच्या आधी कोणी धरायची?

उपयुक्त जीवाणूंचा, म्हणजे प्रोबायोटिकचा विचार इथून सुरू होतो. १९७३ मध्ये फिनलंडचे नुर्मी आणि रांताला यांनी नुकत्याच अंड्यातून निघालेल्या कोंबडीच्या पिल्लांना निरोगी मोठ्या कोंबड्याच्या आतड्यातलं द्रव्य पाजलं. नंतर साल्मोनेला दिला, तर बहुतेक पिल्लं त्याला दाद देईनात. आधी बसलेल्याने नंतर येणाऱ्याला जागा दिली नव्हती. डुकरांमधला असाच एक गाजलेला प्रयोग आयर्लंडच्या कॉर्कमधला, २००७ साली प्रसिद्ध झालेला. तिथल्या संशोधकांनी डुकरांच्याच आतड्यातून मिळवलेले पाच जीवाणू निवडले, चार लॅक्टोबॅसिलस गटाचे आणि एक पेडिओकॉकस. दूध तोडलेल्या पंधरा पिल्लांपैकी काहींना ते दुधातून तीस दिवस दिले. सहा दिवसांनी सगळ्यांना साल्मोनेला पाजला. जीवाणू मिळालेल्या पिल्लांना हगवण कमी जणांना लागली, सौम्य लागली, लवकर थांबली. त्यांचं वजन जास्त वाढलं, आणि पंधरा दिवसांनी त्यांच्या विष्ठेतल्या साल्मोनेलाची संख्या स्पष्टपणे कमी होती.

ही शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची. पिल्लू वाचलं हा मालकाचा लाभ. विष्ठेतून बाहेर पडणारा जंतू कमी झाला हा नाल्याचा, विहिरीचा, खाटकाच्या ओट्याचा आणि शेजारच्या घराचा लाभ.

मात्र एवढ्यावर थांबलं तर चित्र खोटं होईल. बर्लिनच्या संशोधकांनी २००९ मध्ये एंटेरोकॉकस फेसियम या, युरोपात खाद्यपूरक म्हणून मान्य असलेल्या जीवाणूची अशीच कसोटी घेतली. तो मिळालेल्या पिल्लांच्या विष्ठेतून आणि अवयवांतून साल्मोनेला उलट जास्त निघाला. बॅसिलस सीरियसची ‘टोयोई’ ही जात युरोपात अनेक वर्षं खाद्यात वापरात होती. तिच्यातच प्रतिजैविकांना विरोध करणारी जनुकं आढळल्यामुळे २०१३ मध्ये तिची परवानगी स्थगित झाली. जो उपाय प्रतिजैविकांना पर्याय म्हणून आणायचा, त्यानेच प्रतिकार वाहून आणावा, असा धोका यात खरोखर असतो. म्हणून ‘प्रोबायोटिक चांगलं की वाईट’ या प्रश्नाला उत्तरच नाही. कोणता जीवाणू, कुठून आणलेला, कोणत्या वयाच्या जनावराला, किती दिवस आणि किती जिवंत संख्येने, हे सांगितल्यावरच काही बोलता येतं.

भारतातला एक प्रयोग या बाबतीत नेमकी दिशा दाखवतो. बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत रुंजुन डोवारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २८व्या दिवशी दूध तोडलेल्या संकरित पिल्लांचे गट केले. एका गटाला साधा आहार दिला. दुसऱ्याला दुग्धव्यवसायात वापरला जाणारा लॅक्टोबॅसिलस अ‍ॅसिडोफिलस दिला. तिसऱ्याला डुकरापासून वेगळा केलेला पेडिओकॉकस अ‍ॅसिडिलॅक्टिसी दिला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत डुकराकडून आलेला जीवाणू दह्यादुधाकडून आलेल्यापेक्षा सरस ठरला. कॉर्कचे पाचही जीवाणू डुकराचेच होते, हे इथे आठवावं. आपल्या घरचं ताक पिल्लांना पाजलं की काम झालं, असा सोपा समज यातून दूर होतो. ताकातले जीवाणू ताकात रमलेले असतात. डुकराचं आतडं हे त्यांचं गाव नव्हे.

नाशिककरांना ही गोष्ट समजावून सांगायला फार शब्द लागू नयेत. देवळाली कॅम्पच्या भोवती, भगूर, लहवित, नाणेगाव, संसरीच्या बाजूला दारणेच्या पाण्यावर शेती करणारा कोणताही बागाईतदार ट्रायकोडर्मा ओळखतो. मुळाशी ही उपयुक्त बुरशी आधी सोडली तर मर आणि मूळकुज आणणाऱ्या बुरशीला जागा मिळत नाही, हे तो अनुभवाने सांगतो. तोच हेही सांगतो, की पाणी साचलेल्या रानात ट्रायकोडर्मा कितीही ओतलं तरी मुळं कुजतातच. अवशेष म्हणजे काय, हेही नाशिकला शिकवावं लागत नाही. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे बागाईतदारांचं ‘सीसीसी’, द्राक्षांत सापडलं आणि युरोपला गेलेला माल अडकला. त्या हंगामाची झळ सोसलेल्या जिल्ह्याने फवारणीची वही ठेवणं, काढणीआधीचे दिवस मोजणं, नमुना प्रयोगशाळेला पाठवणं अंगवळणी पाडून घेतलं. द्राक्षाच्या मण्याला जी शिस्त मिळाली ती डुकराच्या पिल्लाला मिळू नये, याला शास्त्रीय कारण नाही. कारण सामाजिक आहे.

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ने २०१४ मध्ये ते कारण पडद्यावर आणलं. फँड्री हा कैकाडी बोलीतला डुकरासाठीचा शब्द. गावाला डुक्कर नकोसं झालं की ते पकडायला ज्या कुटुंबाला बोलावलं जातं, त्या कुटुंबातल्या पोराच्या वाट्याला येणारी लाज त्या चित्रपटाने प्रेक्षकासमोर ठेवली. कैकाडी आणि वडार या महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीतल्या जाती आहेत, आणि डुकरं पाळणाऱ्या कुटुंबांत त्यांचं प्रमाण मोठं आहे. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याचा जाच आणि १९५२ मध्ये तो उठल्यावरही न सुटलेला संशय, या दोन्हींतून आलेल्या माणसाने आजारी पिल्लू घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्याची पायरी चढावी, अशी अपेक्षा धरताना समाजाने त्या पायरीपर्यंतचं अंतर मोजलेलं नाही. गाय आजारी पडली तर गाव गोळा होतं. डुक्कर आजारी पडलं तर मालक औषधाच्या दुकानात जाऊन ‘हगवणीवर काहीतरी’ मागतो आणि प्रतिजैविकाची पुडी घेऊन येतो. ती पुडी अर्धवट दिली जाते, पिल्लं दोन दिवसांत सावरली की बंद होते, आणि नेमका तिथेच प्रतिकारक जंतू तयार होतो.

सरकारी योजना आहेत, पण त्या वेगळ्याच माणसासाठी आखलेल्या दिसतात. राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या २०२१ नंतरच्या स्वरूपात वराहपालनाला ५० टक्के भांडवली अनुदान आहे. त्यासाठी ५० माद्या आणि ५ नर, किंवा १०० माद्या आणि १० नर एवढं युनिट लागतं, आणि अनुदान अनुक्रमे १५ व ३० लाख रुपयांपर्यंत मिळतं. चार माद्या पाळणाऱ्या कुटुंबाला या चौकटीत दारच नाही. मोठे फार्म उभे राहावेत यात गैर काही नाही. पण प्रतिजैविकांचा बेहिशेबी वापर आणि उघड्यावरची विष्ठा हे प्रश्न जिथे आहेत, तिथे हा पैसा पोचत नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. महाराष्ट्रात डुकरं आहेतच किती? २०१९च्या पशुगणनेत देशभरात सुमारे ९० लाख ६० हजार डुकरं होती, त्यांतली सर्वांत जास्त आसामात. आधीच्या गणनेपेक्षा हा आकडा १२ टक्क्यांनी घटलेला. महाराष्ट्राचा वाटा लहानच. एके काळी बोरिवलीत सरकारी बेकन कारखाना होता, आज या व्यवसायाकडे राज्याचं लक्ष जाण्याइतकं त्याचं वजन नाही. हा आक्षेप आकड्यांपुरता खरा आहे. पण जंतूच्या दृष्टीने हिशेब वेगळा होतो. एमसीआर-१ चीनच्या डुकरांत सापडल्यावर थोड्याच काळात जगाच्या अनेक खंडांतून त्याच्या नोंदी आल्या. मोकाट फिरणारं, खरकटं आणि मैला खाणारं, शहराच्या नाल्यात लोळणारं डुक्कर हे माणसाच्या आणि जनावराच्या जंतूंच्या भेटीचं ठिकाण आहे. अशी थोडी डुकरंसुद्धा बंदिस्त शेडमधल्या हजारांपेक्षा जास्त काळजीचा विषय ठरू शकतात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हे सगळं प्राण्यांतलं, लहान प्रयोगांतलं आहे. त्यावर धोरण उभं करावं का? याचं उत्तर ओडिशातल्या माणसांच्या बाळांनी दिलं आहे. पिनाकी पाणिग्रही आणि सहकाऱ्यांनी तिथल्या १४९ गावांत ४,५५६ नवजात बाळांवर चाचणी घेतली. निम्म्यांना लॅक्टोबॅसिलस प्लँटारमची एक नेमकी जात आणि तिला पोसणारी साखर सात दिवस दिली. रक्तातला जंतुसंसर्ग किंवा मृत्यू ओढवलेल्यांचं प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आलं. ‘नेचर’ने २०१७ मध्ये हा निकाल छापला. या यशामागे कितीतरी जीवाणू तपासून, नाकारून, बाळाच्या आतड्यात खरोखर टिकून राहणारा एक शोधण्याची वर्षानुवर्षांची मेहनत होती. धोरण उभं करायचं ते याच मेहनतीवर. बाजारातल्या डब्यावर नाही.

कारण बाजार आधीच पोचला आहे. पशुखाद्याच्या दुकानात प्रोबायोटिकच्या पुड्या मिळतात. माणसांच्या औषधांतही बॅसिलस कोअ‍ॅग्युलन्स हा जीवाणू कित्येक वर्षं ‘लॅक्टोबॅसिलस स्पोरोजेन्स’ या चुकीच्या नावाने विकला गेला. नावातच गफलत असेल तर पशुपालकाने कशावर विश्वास ठेवायचा? पुडीवर जीवाणूच्या जातीचा क्रमांक, वापराच्या शेवटच्या दिवशी शिल्लक राहणारी जिवंत संख्या, साठवणुकीचं तापमान आणि प्रतिकारक जनुकांची तपासणी झाल्याची नोंद, एवढं सक्तीचं हवं. लॅक्टोबॅसिलस उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये तग धरत नाहीत. बॅसिलसचे बीजाणू उष्णता सोसतात, पण आतड्यात ते पाहुण्यासारखे येऊन जातात, त्यांना रोज द्यावं लागतं. देशातली पहिली किसान रेल ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळालीहून बिहारच्या दानापूरला निघाली. भाजीपाला ताजा पोचवण्यासाठी एवढी व्यवस्था उभी करता येते, तर जिवंत जीवाणूंची कुपी बर्फाच्या डब्यातून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यापर्यंत नेणं अवघड म्हणता येणार नाही.

महाराष्ट्राकडे साधनांची वानवा नाही. पुण्यात राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्राच्या अखत्यारीत २००९ पासून सूक्ष्मजीवांची मोठी पेढी आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतला औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह त्याहून जुना. नागपूरला मुख्यालय असलेलं महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे, मुंबईचं १८८६ मध्ये सुरू झालेलं पशुवैद्यकीय महाविद्यालय त्याच्याच छत्राखाली आहे. शेजारी गोव्यात, जुन्या गोव्याजवळ एला इथल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत डुकरांवर काम चालतं. गोव्याची ‘अगोंदा गोअन’ ही देशी जात राष्ट्रीय नोंदणीत आली आहे. गावरान डुक्कर खरकटं, मैला, ऊन आणि पाऊस सोसून पिढ्यान्‌पिढ्या जगत आलं आहे. त्याच्या आतड्यात कोणते जीवाणू राखण करतात, हे शोधायला परदेशातून पुडी आणण्याची गरज नाही. नमुने इथले, पेढी इथली, चाचणी इथली, आणि त्यातून निघालेला जीवाणू सार्वजनिक मालकीचा असला तर त्याची किंमतही गरिबाला परवडणारी ठेवता येईल.

तोवर हातात काहीच नाही असंही नाही. डेन्मार्क आणि नेदरलँड्समध्ये पातळ खाद्य आंबवून देण्याची पद्धत आहे. दह्यातल्यासारखं आम्ल तयार करणारे जीवाणू खाद्याची आम्लता वाढवतात आणि त्यात साल्मोनेला टिकत नाही. मराठी गोठ्यात आंबोण हा शब्द रोजचा आहे, आणि त्यात आंबणं ऐकूही येतं. कोंडा आणि पेंड भिजवणाऱ्या हाताला ते किती वेळ, कशात आणि कोणत्या विरजणाने आंबवायचं हे शिकवणं हा विस्तार कार्यकर्त्याचा एका दुपारचा धडा आहे. हॉटेलचं खरकटं देत असाल तर ते आधी उकळायलाच हवं. २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचलात शिरलेला आफ्रिकन स्वाइन फीव्हर अशा खरकट्यातूनही पसरतो, आणि त्या विषाणूपुढे कोणताही उपयुक्त जीवाणू कामाचा नाही. पहिल्या दिवशीचा चीक, कोरडी उबदार जमीन, दूध तोडण्याची घाई न करणं, हगवण लागलेल्या पिल्लाला मीठ-साखरेचं पाणी: ही यादी साधी आहे. जीवाणूची कुपी या यादीच्या शेवटी येते. बाकीचं नसेल तर तिची गत पाणी साचलेल्या रानातल्या ट्रायकोडर्मासारखी होईल.

सुरुवात कुठून करायची, तर एका वहीपासून करता येईल. नाशिक जिल्ह्यातल्या वीस-पंचवीस वराहपालक कुटुंबांची निवड व्हावी, त्यात लहान कुटुंबं आधी. पशुवैद्यकाने त्यांच्याकडे जावं, त्यांना दवाखान्यात यायला सांगू नये. दूध तोडल्याच्या दिवसापासून चौदा दिवस प्रत्येक पिल्लाचं वजन, हगवण लागली का, कोणतं औषध दिलं, किती दिलं, हे नोंदलं जावं. वही मालकाच्या घरी राहावी, ज्याला लिहिता येतं अशा शाळकरी मुलाने किंवा मुलीने ती भरावी, आणि त्या कामाचे पैसे त्याला किंवा तिला मिळावेत. निरोगी राहिलेल्या पिल्लांच्या विष्ठेचे नमुने बर्फात घालून पुण्याला जावेत. वर्षभरात इतकं तरी कळेल, की दारणेकाठच्या वस्तीत औषध न घेता तगलेल्या पिल्लाच्या पोटात कोण बसलेलं आहे.